यादी फुकट, दुपार कुणाची?

जून उजाडला आणि शाळांच्या फीचे आकडे कानावर आले, की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक यादी फिरू लागते. ‘मुलांना घरच्या घरी शिकवण्यासाठी १०० मोफत वेबसाइट.’ गणिताच्या इतक्या, विज्ञानाच्या तितक्या, इंग्रजीच्या सगळ्यात जास्त, आणि शेवटी ‘गरजू पालकांपर्यंत पोहोचवा’ असं आवाहन. यंदा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर या यादीवरून दोन दिवस जुंपली होती. एका बाजूचं म्हणणं, जगातलं उत्तम शिक्षण फुकट मिळत असताना शाळेच्या दारात लाख-लाख रुपये ओतायचे कशाला? दुसरी बाजू म्हणत होती की स्क्रीनपुढे बसून पोरं शिकत नाहीत, बिघडतात. घरात कोंडलेलं मूल माणसांत मिसळायचं कसं? कुणी कुणाचं ऐकलं नाही, त्याचं काही नाही, ग्रुपवर कुणी ऐकायला जात नसतंच. मला खटकलं ते वेगळंच. दोन्ही पक्ष वेबसाइटविषयी भांडत होते. एकाला तिच्यात शाळा दिसत होती, दुसऱ्याला व्यसन. मुलाच्या शेजारी कोण बसणार आहे, हा प्रश्न दोन दिवसांत आणि शे-दीडशे मेसेजांत एकदाही निघाला नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या साइट म्हणजे ग्रंथालय आहे. चांगलं, काही ठिकाणी तर थक्क व्हावं इतकं चांगलं ग्रंथालय, आणि ते फुकट असणं ही आपल्या काळातली मोठीच गोष्ट आहे. पण ग्रंथालय फुकट म्हणून शिक्षण फुकट, हा हिशेब खोटा आहे. त्यातून एक खर्च गाळलेला असतो: मुलाजवळ बसणाऱ्या मोठ्या माणसाचे तास. ते माणूस बहुतेक घरांत आई असते, म्हणून तो खर्च कुणी लिहीत नाही. घरात हा हिशेब चुकला तर एका बाईला भोवतो. सरकारने असाच हिशेब केला तर तालुक्याच्या तालुक्याला भोवेल, आणि तशी चिन्हं दिसताहेत.

मी काठावरून बोलत नाही. माझ्या बहिणीने तिच्या मुलाला पाचवीतून शाळेतून काढलं आणि सव्वादोन वर्षं घरी शिकवलं. कारणं नेहमीचीच होती: वर्गात साठ मुलं, ‘लक्ष नाही’ असा शेरा, रोज सकाळी पोटदुखी. आठवड्यातल्या तीन दुपारी मी त्याला विज्ञान आणि भूमिती शिकवायला जायचो. नातेवाइकांत त्याचं फार कौतुक झालं. ‘मामा बघा, नोकरी सांभाळून भाच्यासाठी जातो.’ उरलेल्या सगळ्या सकाळ-दुपार त्याच्यापाशी बसलेल्या बहिणीचं कौतुक कुणी केलं नाही. तिने नोकरी सोडली होती, पण ती ‘घरीच’ होती ना! तिचा सोडलेला पगार आणि एखाद्या मध्यम शाळेची फी शेजारी मांडून पाहिली तर ‘मोफत’ हा शब्द उच्चारायला जीभ रेटणार नाही.

आता समोरच्यांचे मुद्दे, आणि त्यातले जे खरे आहेत ते आधी. पहिला हा, की या साइटवर जे आहे ते पुष्कळदा शाळेत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ हा प्रकल्प घ्या. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये तो सुरू केला. तिथे पडद्यावरच विजेचं मंडल जोडता येतं, तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन दिसतात, लंबकाची लांबी बदलून त्याचा झोका मोजता येतो. आपल्या किती शाळांत प्रयोगशाळेचं कपाट मुलांसाठी उघडतं? जिओजेब्रा या गणिताच्या साइटवर त्रिकोणाचा एक शिरोबिंदू बोटाने ओढायचा आणि तिन्ही कोनांची बेरीज १८० अंशांवरून हलत नाही हे स्वतः पाहायचं, यात जी गंमत आहे ती फळ्यावरच्या सिद्धतेत येत नाही, निदान पहिल्यांदा तरी नाही. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञानकेंद्रात अरविंद गुप्तांनी काडेपेट्या, स्ट्रॉ आणि सायकलच्या नळ्यांतून विज्ञान उभं केलं. त्यांच्या संकेतस्थळावर ती खेळणी कशी करायची हे तर आहेच, शिवाय हजारो पुस्तकं आहेत, त्यात मराठीही पुष्कळ. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर लहान मुलांच्या मराठी गोष्टी चित्रांसकट वाचता येतात. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ज्याची पायाभरणी केली तो मराठी विश्वकोश आज मोबाईलवर उघडतो. आमच्या लहानपणी त्याचे खंड गावच्या वाचनालयात कुलपात असत. आणि बालभारतीची पहिलीपासूनची पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत. हे सगळं नाकारून ‘मोबाईलवर कोण शिकतं’ असं म्हणणाऱ्याने एकदा तरी ते उघडून पाहावं.

दुसरा खरा मुद्दा गतीचा. वर्गाला एक गती असते, मुलांना चाळीस. व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो, दहा वेळा पाहता येतो, आणि अकराव्यांदा पाहिला तरी तो वैतागत नाही. वाचनात अडखळणाऱ्या, बोलताना अडणाऱ्या, वर्गात हात वर करायला घाबरणाऱ्या मुलाला हे किती मोलाचं असतं ते अशा मुलाच्या घरातल्यांना विचारा. आणि तिसरा मुद्दा, घरी शिकून मुलं मागे पडतात हेही खरं नाही. सातवीनंतर शाळा सोडलेली मुंबईची एक मुलगी संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये पदकं मिळवून २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. बारावीचं प्रमाणपत्र नाही म्हणून आपल्या आयआयटीची दारं मात्र तिला बंद होती. ही बातमी त्या यादीसोबत दर वर्षी हटकून फिरते.

पण ती बातमी नीट वाचली तर काय दिसतं? मुलीला शाळेतून काढायचा निर्णय आईने घेतला, घरी अभ्यास आईने आखला, नोकरी आईने सोडली. साइट शंभर असतील, आई एकच होती. खुद्द खान अकॅडमीचा जन्म कसा झाला? २००४ मध्ये सलमान खान (आपला नव्हे, दुसरा) नात्यातल्या एका लहान बहिणीला दुसऱ्या शहरातून फोनवर गणित शिकवू लागला. तिची गाडी रुळावर आली तशी आणखी भावंडं आली, वेळ पुरेना, म्हणून २००६ मध्ये त्याने व्हिडिओ करायला घेतले. जगातली सर्वांत नावाजलेली मोफत शैक्षणिक साइट सुरू झाली ती एका मोठ्या भावाने एका लहान बहिणीला दिलेल्या वेळातून. व्हिडिओ त्या वेळाची नक्कल आहे. नक्कल उपयोगी असते, मी रोज वापरतो. पण ती मुलाच्या चेहऱ्याकडे पाहू शकत नाही.

भाच्याचं एक उदाहरण सांगतो. अपूर्णांकांचा एक धडा त्याने साइटवर ‘शंभर टक्के’ पूर्ण केला होता. हिरवी पट्टी, चांदण्या, सगळं. मी सहज विचारलं, तीन चतुर्थांश मोठा की पाच अष्टमांश? त्याने बेधडक सांगितलं, पाच अष्टमांश, कारण आकडे मोठे आहेत. मग शंभर टक्के कसे मिळाले? तो निरागसपणे म्हणाला, ‘मामा, हिंटचं बटण दाबत राहिलं की शेवटी उत्तरच येतं.’ यात साइटची लबाडी नाही, मुलाची तर नाहीच. बटण दिलंय, तो दाबतो. शेजारी बसलेल्या माणसाला हे पाच मिनिटांत कळतं, कारण मूल पेन्सिल कधी खाली ठेवतं, कधी खिडकीबाहेर बघतं, कधी पटकन ‘हो’ म्हणतं, हे त्याला दिसत असतं. वर्गात साठ मुलं असली की शिक्षकालाही ते दिसत नाही, हे मला मान्य आहे. म्हणून साठांचा वर्ग वाईट. पण त्यावरचा उपाय म्हणजे शून्य माणसांचा वर्ग नव्हे.

‘हे परदेशातून आलेलं खूळ आहे’ असं घरी शिकवण्याच्या विरोधातले काही जण म्हणतात, तेव्हा मला हसू येतं. घरी शिकणं आपल्याला नवीन कधी होतं? पंडिता रमाबाईंच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, आधी बायकोला संस्कृत शिकवलं, आणि पुढे तीर्थयात्रांच्या भटकंतीत आईने मुलीला. रमाबाई रानडे लग्न होऊन सासरी आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्तींनी त्यांना घरी शिकवलं आणि घरातल्या बायकांचे टोमणे त्यांनी वर्षानुवर्षं सोसले. आनंदीबाईंना गोपाळराव जोशींनी शिकवलं, कधी मारूनमुटकून, हेही खरं. सावित्रीबाईंचं शिक्षण सुरू झालं ते जोतीरावांपाशी. एकोणिसाव्या शतकातल्या शिकलेल्या मराठी स्त्रियांची पहिली पिढी ही जवळजवळ सगळी ‘होमस्कूल’च होती.

आणि नेमका इथेच घरी शिकवण्याच्या बाजूचा युक्तिवाद उलटतो. घरी शिकलेल्या सावित्रीबाईंनी पुढे काय केलं? ‘प्रत्येक नवऱ्याने आपापल्या बायकोला शिकवावं’ अशी पत्रकं वाटली का? १८४८ मध्ये जोतीरावांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली आणि तिथे त्या शिकवायला उभ्या राहिल्या. कारण घरचं शिक्षण घरावर अवलंबून असतं, आणि जोतीरावांसारखा नवरा किंवा अनंतशास्त्र्यांसारखा बाप पदरी पडणं हा नशिबाचा भाग. १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, म्हणजे हंटर कमिशनपुढे, जोतीरावांनी निवेदन दिलं, त्यात दोन गोष्टी एकत्र आहेत: किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, आणि कष्टकऱ्यांच्या घामाचा सारा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतोय तो थांबवा. म्हणजे ‘कुणाच्या पैशावर कुणाची मुलं शिकतात’ हा प्रश्न त्यांनी शिक्षणाच्या चर्चेत तेव्हाच आणला होता. आपल्या शंभर साइटच्या यादीला हा प्रश्न विचारून पाहा. वेगळी खोली, दुसरा फोन, इंग्रजी समजणारं आणि दिवसा मोकळं असलेलं माणूस, हे ज्या घरात आधीच आहे, त्याच घराला ही फुकट गोष्ट फुकट पडते.

पुढे १९०६ मध्ये सयाजीरावांनी बडोदा संस्थानात आणि १९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीरात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. ‘मोफत’ आणि ‘सक्तीचं’ हे दोन शब्द आपल्याकडे जोडीने आले ते उगाच नाही. सक्ती मुलावर नव्हती, बापावर होती. पोराला गुरांमागे धाडणाऱ्या बापाला सरकार सांगत होतं की हे मूल फक्त तुझं नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय, ते याच परंपरेतून. घरी शिकवणाऱ्या आईला हा कायदा जाचक वाटतो, कारण तो तिच्यासाठी लिहिलेलाच नव्हता. तो लिहिला होता ऊसतोडीच्या टोळीबरोबर फडावर जाणाऱ्या मुलासाठी, धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी ठेवलेल्या मुलीसाठी. अडचण अशी की दाराबाहेरून दोन्ही घरं सारखीच दिसतात: मूल शाळेत नाही, ‘घरीच शिकतंय’. पहिल्या घराला मोकळीक द्यायची म्हणून दुसऱ्या घराचं दार ठोठावणं सोडून द्यायचं का?

सयाजीरावांची आणखी एक गोष्ट इथे फार कामाची आहे. शिक्षण सक्तीचं केल्यावर, शिकलेलं लोक विसरू नयेत म्हणून, त्यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. ज्या गावात ग्रंथालय नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरत. क्रम लक्षात घ्या. आधी शाळा, मग ग्रंथालय. आणि ग्रंथालयातही आधी माणसं: १९११ मध्येच बडोद्याला ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. नुसत्या पेट्या पाठवून भागणार नाही, पेटी उघडून ‘तुला हे आवडेल’ म्हणणारं कुणीतरी हवं, हे त्या राजाला समजलं होतं. आपल्या यादीत हा ग्रंथपालच नाही. शंभर नावं एकाखाली एक, कुठली पाचवीची, कुठली नववीची, कशात जाहिराती, कशात तिसऱ्या दिवशी कार्डाचा नंबर मागतात, याचा पत्ता नाही. काही तर मेलेली असतात. २०२० च्या अखेरीस फ्लॅश हे तंत्रच बंद झालं आणि त्यावर चालणारे असंख्य शैक्षणिक खेळ रातोरात गेले. त्यांतले काही या यादीत अजून नांदताहेत. ज्याने यादी फॉरवर्ड केली त्याने ती उघडून पाहिली नाही, याला आणखी पुरावा कशाला?

भाषेचा मुद्दा तर ग्रुपवर कुणाच्या मनातही आला नाही. यादीतल्या बहुतेक साइट इंग्रजी. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला चालतील. पण लसावि-मसावि शिकलेलं मूल ‘एल्‌सीएम’च्या व्हिडिओपुढे बसवलं तर त्याला गणित अडतं की इंग्रजी, हे त्यालाही सांगता येत नाही. भाषांतर हा उपाय आहे, पण तो दिसतो तितका सरळ नाही. २०१९ ची संख्यावाचनाची रणधुमाळी आठवते? बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असं वाचन आलं आणि महाराष्ट्र पेटला. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्यांचा मुद्दा साधा होता: मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, त्यात लहान मूल गोंधळतं. त्यांच्याशी सहमत असा वा नसा, पण ही अडचण मराठी मुलाची आहे आणि तिच्यावर विचार करायला मराठी मुलांना शिकवलेली माणसंच लागतात. कॅलिफोर्नियात बसून केलेल्या धड्यात ती अडचण असणारच नाही, मग तिचं उत्तर कुठून असेल?

परिसर अभ्यासाचंही तेच. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक बालभारती जिल्ह्यावार वेगळं काढते. नाशिकच्या मुलाला नाशिक जिल्हा, रत्नागिरीच्या मुलाला रत्नागिरी. आपली नदी, आपला घाट, आपलं पीक. चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास येतो. शंभर साइटच्या यादीत ‘सामाजिक शास्त्रं’ या मथळ्याखाली असतं काय, तर अमेरिकेची पन्नास राज्यं आणि त्यांच्या राजधान्या. भाच्याला त्या तोंडपाठ झाल्या होत्या. गोदावरी कुठे उगम पावते हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं, आणि तो राहतो नाशकात. आम्ही एका रविवारी त्याला त्र्यंबकला घेऊन गेलो, ते या यादीत कुठेच नव्हतं.

यावर उत्तर येतं की काळ बदलतोय, तंत्र सुधारतंय, थोडी वाट बघा. वाट आपण पूर्वीही बघितली आहे. १९१३ मध्ये एडिसनने भाकीत केलं होतं की सिनेमा आल्यामुळे शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील. १९७५-७६ मध्ये आपल्याकडे ‘साइट’ नावाचाच प्रयोग झाला (योगायोग नावाचा): अमेरिकन उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवली गेली. १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी उभी राहिली. दूरदर्शनवर तिचे कार्यक्रम पाहिलेली माझ्या वयाची माणसं अजून त्या आठवणी काढतात. कार्यक्रम वाईट नव्हते, काही फारच सुंदर होते. पण गावातल्या शाळेतला संच बंद पडला की दुरुस्त कोण करणार, कार्यक्रम संपल्यावर मुलांशी बोलणार कोण, यासाठी माणूस आणि पैसा नव्हता. शेवटी पगाराला पैसे नाहीत म्हणून २०१७ मध्ये बालचित्रवाणी बंद झाली. त्याच वर्षी ‘दीक्षा’ हे केंद्र सरकारचं ऑनलाइन शिक्षणाचं व्यासपीठ सुरू झालं. यंत्र बदललं की आपल्याला वाटतं प्रश्न नवा आहे.

क्यूआर कोडची गोष्ट मात्र मला आशादायक वाटते, पण वेगळ्या कारणासाठी. रणजितसिंह डिसले यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत पुस्तकावर क्यूआर कोड चिकटवायला सुरुवात केली, पुढे राज्याच्या पुस्तकांवर ते आले, आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. बातम्यांत कोड गाजला. पण त्या शाळेतल्या मुलांना कन्नड येते, मराठी पुस्तक समजत नाही, हे आधी कुणाच्या लक्षात आलं? शिक्षकाच्या. ते पुस्तक मुलांच्या भाषेत कुणी आणलं? शिक्षकाने. कोड हे त्याच्या हातातलं हत्यार होतं. हत्याराचा सत्कार करून कारागिराची जागा रद्द करायची, असा प्रकार होऊ नये एवढंच.

आणि तो होतोय, म्हणून मी ग्रुपवरचं भांडण इतकं मनाला लावून घेतलं. करोनाच्या काळात ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असं म्हणत रोजच्या अभ्यासाच्या लिंक राज्यभर मोबाईलवर गेल्या. त्या वेळी दुसरा इलाज नव्हता आणि ज्यांनी त्या तयार केल्या त्यांनी मनापासून केल्या. पण फोन सकाळी वडिलांच्या खिशात कामाला जायचा आणि रात्री आठला घरी यायचा. अशा घरात ती लिंक पोहोचली असं धरायचं का? सरकारी तक्त्यात ती पोहोचलेलीच असते. आता वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचं काय करायचं, त्या एकत्र करून ‘समूह शाळा’ करायच्या का, अशी चर्चा वारंवार निघते. अशा चर्चेत उद्या कुणीतरी म्हणेल, की वस्तीवरच्या बारा मुलांसाठी दोन शिक्षक कशाला, दीक्षा आहे, टॅब देऊ. सोसायटीतला सुखवस्तू बाप जे वाक्य हौसेने म्हणतो, ‘सगळं तर नेटवर फुकट आहे’, तेच वाक्य मंत्रालयातल्या टिपणीत गेलं की वस्तीवरची शाळा उठते. तारा मोडक आणि अनुताई वाघ कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी काय करत होत्या? मूल शाळेत येत नाही, गुरं राखायला जातं, तर शाळाच कुरणात न्यायची. त्या कुरणशाळेत साधनं थोडी होती. तिथवर चालत जाणारं माणूस होतं.

एकलकोंडेपणाचा आरोप मला फारसा पटत नाही. घरी शिकणारी मुलं मैदानावर जातात, पोहायला जातात, ग्रुप करून सहलीला जातात. बोलायला उलट जास्त मोकळी असतात. माझी शंका वेगळी आहे. हे सगळे सवंगडी आई-वडिलांनी निवडलेले असतात. शाळा तुमच्या शेजारी असं मूल बसवते जे तुमच्या घरी कधी जेवायला आलं नसतं. अर्थात शाळेने हे नेहमी केलं असं म्हणायची सोय नाही. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकरांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागत होतं. पण शाळेतल्या त्या गोणपाटाविरुद्ध कायदा करता येतो आणि केलाही. घराच्या बंद दाराआड कुणी कुणाशेजारी बसावं, याचा कायदा होत नाही.

मग काय करायचं? घरी शिकवणाऱ्यांवर बंदी नको. जर्मनीने ती घातली आहे आणि मला ती अतिरेकी वाटते. उलट त्यांची स्थिती कायद्यात स्पष्ट लिहावी. आज सगळं अधांतरी आहे: चौदाव्या वर्षी मुक्त विद्यालयाची दहावी देता येते, किंवा १७ नंबरचा फॉर्म भरून बोर्डाला बाहेरून बसता येतं, पण मधल्या वर्षांत मूल कागदावर ‘शाळाबाह्य’. शेजारच्या शाळेत नाव नोंदवावं, वर्षातून एकदा तिथल्या शिक्षकाने मुलाशी तासभर बोलावं, परीक्षा नको. आणि बदल्यात त्या शाळेची प्रयोगशाळा, ग्रंथालय, मैदान त्याला वापरू द्यावं. एवढ्याने ऊसफडावरचं मूलही यादीत दिसेल. दुसरं, ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ यांतला फरक सरकारने शिकावा. बालभारतीची पीडीएफ फुकट आहे, पण हक्क राखीव आहेत. शिक्षकाने त्यातला धडा घेऊन आपल्या मुलांसाठी बदलून पुन्हा वाटावा अशी मोकळीक नाही. स्टोरीवीव्हरच्या गोष्टींना ती आहे, म्हणून तिथे एका भाषेतली गोष्ट दुसऱ्या भाषांत भराभर जाते. जनतेच्या पैशाने झालेलं पुस्तक जनतेला बदलता का येऊ नये? आणि तिसरं, बडोद्याचा ग्रंथपाल. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात एक माणूस, ज्याचं काम एवढंच, की कुठल्या इयत्तेच्या कुठल्या धड्याला काय चांगलं आहे ते स्वतः वापरून पाहायचं आणि पालकांना, शिक्षकांना सांगायचं. शंभर नकोत, प्रत्येक इयत्तेला सहा पुरतील.

भाचा आठवीत पुन्हा शाळेत गेला, स्वतः मागून. बहिणीला पुन्हा नोकरी मिळायला त्याहून जास्त वेळ लागला.

ग्रुपवर मी शेवटी एवढंच विचारलं होतं: ‘ज्यांना मुलं घरी शिकवायची आहेत त्यांच्याकडे दुपारी बारा ते तीन घरी कोण असतं?’ बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग एकाने ‘आजी’ लिहिलं, एकीने हसण्याचं चिन्ह टाकलं. दुसऱ्या दिवशी बी विंगमधल्या एका बाईंचा मेसेज आला, की मंगळवार-गुरुवार त्या मोकळ्या असतात, आपल्या मुलीबरोबर आणखी तीन-चार जणांना बसवतील. सोमवार एका निवृत्त आजोबांनी घेतला. बुधवार माझ्याकडे आला. आता क्लबहाउसमध्ये सात मुलं बसतात, बालभारतीची पुस्तकं आहेत, एका जुन्या टीव्हीला लॅपटॉप जोडलाय, आणि उशिरा येणाऱ्यांमुळे गेल्या आठवड्यापासून बी विंगच्या बाई हजेरी घेऊ लागल्या आहेत. याला शाळा म्हणायचं नाही, असं सगळ्या पालकांनी बजावून सांगितलं आहे.